ट्रॉली स्पीकर: वाशीमला घेतला, केनियात वाजवला

किंमत ६,२०० रुपये, वाशीमच्या बाजारातून. १२ इंची स्पीकर, खाली दोन चाकं, ओढायला दांडी, एक वायरचा माइक, एक बिनवायरचा, ब्लूटूथ, पेनड्राइव्ह. समोर लाल-निळे दिवे, ते बंद करायचं बटण मला अजून सापडलेलं नाही. चर्चमध्ये पाळकसाहेब पश्चात्तापावर बोलत असतात आणि मागं वरातीतल्यासारखी रोषणाई चालू असते. कंपनीचं नाव लिहीत नाही. या भावातले सगळे डबे आतून सारखेच.

मी कापूस-तुरीचा शेतकरी, रविवारी आमच्या चर्चच्या मंडळीचा साउंडवाला. आमच्या भागात मिशनरी म्हणजे बाहेरून येणारा माणूस. वाशीमचा रेनॉल्ड्स मेमोरियल दवाखाना अमेरिकेच्या मिशननं काढलेला, आणि आजीच्या गोष्टींत गोऱ्या मडमा असायच्याच. यंदा मात्र आमच्याच मंडळीतले सहा जण दहा दिवसांसाठी पश्चिम केनियात, व्हिक्टोरिया सरोवराकाठच्या होमा बे भागात गेलो. मिशनला जायचं तर साउंड पाहिजेच, असं मीच ठरवलं. बायको म्हणाली, "हे धूड आफ्रिकेत नेता काय तुम्ही? तिथल्या लोकायले आवाज नाही काय?"

मुंबईच्या विमानतळावर पीतज्वराच्या लसीच्या कार्डापेक्षा या डब्याचीच जास्त चौकशी झाली. आत शिशाची सीलबंद बॅटरी, १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवर. बारा साते चौऱ्याऐंशी वॅट-अवर, विमानातल्या शंभराच्या मर्यादेच्या आत, म्हणून सुटलो. बॅटरीच्या टोकांच्या वायरी काढून वर टेप मारला होता, तो कामी आला.

हाच हिशेब खोक्यावरच्या आकड्यालाही लावून बघा. खोक्यावर ठळक अक्षरात १००० वॅट, आणि शेजारी मुंगीएवढं पीएमपीओ, म्हणजे क्षणभराच्या जोराचा फुगवलेला आकडा. खरंच १००० वॅट ओढले असते तर ८४ वॅट-अवरची बॅटरी पाच मिनिटांत बसली असती. माझा डबा पूर्ण चार्ज केल्यावर बरोबर चार तास चालतो, म्हणजे सरासरी २१ वॅट. दुकानदाराला हे सांगितलं तर तो म्हणाला, "भाऊ, सगळेच लिहितात."

आता तो रविवार.

शनिवारी संध्याकाळी चर्चचा फलक पाहिला: इबादा, साआ ३. इबादा म्हणजे इबादत हे मला कोणी न सांगता कळलं, त्याचा जरा माजच चढला. उपासना तीन वाजता, म्हणजे सकाळ मोकळी. तिथलं सॉकेट तीन चौकोनी पिनांचं, आपली गोल पिन जात नाही. रात्री एका 'दुका'तून, म्हणजे दुकानातून, अडॅप्टर आणलं आणि पहाटे उठून डबा चार्जिंगला लावला. साडेआठला बाहेर गाडीचा हॉर्न. स्वाहिलीत तास सूर्योदयापासून मोजतात. आपले सकाळचे सात म्हणजे त्यांचा एक, आणि साआ ३ म्हणजे सकाळचे नऊ. बॅटरी जेमतेम अर्धी भरलेली.

चर्च मातीच्या भिंतींचं, वर टिन, वीज नाही. माणसं अडीचशेच्या वर. गायनमंडळं चार, आणि चारही आपापल्या पाळीनं उठून गाणारी. पहिल्या मंडळासमोर मी हौसेनं माइक ठेवला. एका कडव्यातच स्पीकर फाटल्यासारखा खरखरायला लागला. २१ वॅटच्या डब्यानं चाळीस माणसं नि तीन ढोल किती झेलावे! पुढं नाचणाऱ्या बाईनं गाता गाताच माइकचा स्टँड उचलला, कोपऱ्यात ठेवला, माझ्याकडं पाहून हसली आणि परत ओळीत गेली. तेवढ्यात ताल चुकला नाही. बायकोला हे घरी आल्यावर सांगितलं. सांगायला नको होतं.

गाण्यासाठी घेणार असाल तर हा डबा घेऊच नका. बोलण्यासाठी मात्र चांगला आहे. आमच्या एका ताईंची साक्ष होती, म्हणजे देवानं आयुष्यात काय केलं ते सगळ्यांपुढं सांगणं. त्या मराठीत बोलणार, पाळकसाहेब त्याचं इंग्रजी करणार आणि तिथला एक तरुण शिक्षक इंग्रजीवरून लुओ या तिथल्या भाषेत. दहा मिनिटांची साक्ष पाऊण तास चालली, एकच माइक तिघांच्या हातांतून फिरला, पण शेवटच्या बाकापर्यंत शब्द न् शब्द गेला. ताई म्हणाल्या, "माह्या नवऱ्याची दारू सुटली." यावर मराठीत सहाच जण आमेन म्हणाले. लुओत पोचल्यावर सगळं चर्च उठलं.

हे वायरच्या माइकचं कौतुक. बिनवायरचा माइक खेळणं आहे. मधे चार माणसं आली की आवाज तुटतो, स्पीकरच्या जवळ गेलं की शिट्टी मारतो, आणि दोन पेन्सिल सेल कधी संपतील याचा नेम नाही.

मग पाऊस आला. टिनावरचा पाऊस कुठलाच स्पीकर हरवू शकत नाही, हे कंपनीच्या माथी मारत नाही. तिथले पाळक बोलता बोलता थांबले आणि खाली बसले. लोकांनी पावसावरून गाणं धरलं.

उघडल्यावर बाहेर आंब्याखाली दानातल्या वस्तूंचा लिलाव. कोंबड्या, अंडी, मका, केळीचा घड. आमच्याकडं हंगामाच्या सणाला तूर, भोपळे, गावरान कोंबडा निघतो, अगदी तसंच. बोली चढवायला कोणीतरी मुद्दाम भिडवतो, तेही तसंच. इथं या डब्यानं पैसे वसूल केले. उघडं मैदान, एकच माणूस, भरभर बोलणं. आवाज रस्त्यापर्यंत गेला आणि जाणारे दोन बोडाबोडावाले, म्हणजे मोटारसायकलवर सवारी नेणारे, थांबून बोली लावू लागले. एका म्हातारीनं मला ७०० शिलिंगपर्यंत नेलं, आपले साडेचारशेच्या वर. कोंबडी माझ्या गळ्यात पडली. दुपारी उगाली, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, नि सुकुमा विकीच्या पालेभाजीसोबत तीच कोंबडी आमच्या ताटात आली, आणि यजमानीणबाई स्वतः न जेवता वाढत उभ्या राहिल्या.

केळीच्या घडावर बॅटरी संपली. लिलाववाल्यानं माइक माझ्या हातात दिला आणि तसाच पुढं बोलत राहिला. घड त्या दिवसातल्या सगळ्यात मोठ्या बोलीला गेला.

नंतर आणखी दोन ठिकाणं होती, एका शाळेत मुलांचा कार्यक्रम आणि घरोघरी आजाऱ्यांसाठी प्रार्थना. बंद डबा मी दोन्हीकडं ओढत नेला, कारण ठेवायचा कुठं? चाकं फक्त फरशीपुरती आहेत. चिखल काळा, आपल्या पऱ्हाटीच्या वावरासारखा पायाला धरणारा, त्यात चाकं गच्च बसली. शेवटी त्या बोडाबोडावाल्यांतला एक जण ११ किलोचं ते वझं मांडीवर घेऊन आमच्या मागं आला. पैसे घेतले नाहीत, दिवे लावून दाखवा म्हणाला. दिवे मात्र लागले. ते कधीच बंद पडत नाहीत.

परतीच्या घाईत बॅटरी रिकामीच राहिली. शिशाची बॅटरी रिकामी पडली की आतून खराब होते, हे मला फवारणीच्या पंपामुळं माहीत होतं, तरी चुकलो. घरी आल्यावर चाळीस मिनिटंच चालली. दुकानात गेलो तर, "बॅटरीले वारंटी नसते भाऊ." हे बिलावर नव्हतं, त्याचे दोन तारे कापले. पाचपैकी तीन.

फवारणीच्या बॅटरी पंपातली १२ व्होल्ट ८ अँपिअर-अवरची बॅटरी मापाला तीच आहे, यात सरळ बसते. लाल वायर लालला, काळी काळीला. सध्या माझ्याकडं एकच आहे. शनिवारी फवारणी आटोपली की ती पंपातून काढतो, पुसतो, रात्रभर चार्ज करतो आणि सकाळी डब्यात घालतो. औषधाचा वास थोडा येतो.