चॅटवरून कर्मचारी प्रशिक्षण: कुठलं साधन शिकवतं, कुठलं नुसतंच वाजतं

वर्षातून एकदा सगळ्यांना हॉलमध्ये बसवायचं, दिवसभर स्लाइड दाखवायच्या, हजेरीवर सह्या घ्यायच्या आणि प्रशिक्षण झालं म्हणायचं. या प्रकाराला पर्याय म्हणून आता धडे थेट फोनवर येतात. रोज दोन-तीन मिनिटं, तेही हातात असलेल्याच अ‍ॅपमध्ये. वेगळं पोर्टल नको की आणखी एक पासवर्ड नको. कल्पना चांगली आहे. गडबड होते ती पहिल्याच दिवशी. कुणीतरी ग्रुप काढतं, त्यात चाळीस पानांची पीडीएफ टाकतं आणि निळ्या टिक मोजत बसतं. निळी टिक म्हणजे मेसेज उघडला गेला, बस. त्यातलं डोक्यात काय उतरलं ते प्रश्न विचारल्याशिवाय कळत नाही. म्हणून इथे प्रत्येक साधनाला एकच कसोटी लावली आहे: माणसाला एकेकट्याने प्रश्न विचारता येतो का, आणि उत्तर चुकलं तर लगेच सांगता येतं का.

साधा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप या कसोटीवर पाचपैकी दोन गुणांवर थांबतो. माणसं मावण्याचा प्रश्न नाही, १०२४ जण बसतात. पण सकाळी धडा पडतो आणि दुपारपर्यंत त्यावर ‘ओके सर’, अंगठे आणि वाढदिवसाच्या शुभेच्छांचा ढीग साचतो. ‘फक्त अ‍ॅडमिन मेसेज पाठवू शकतील’ हे सेटिंग पहिल्या मिनिटाला लावलं नाही तर पुढचं सगळं व्यर्थ. आठवड्याचा मुख्य धडा पिन करून ठेवावा, त्याला २४ तास, ७ दिवस किंवा ३० दिवस अशी मुदत देता येते. शिवाय ग्रुपमध्ये प्रत्येकाचा खासगी नंबर सगळ्यांना दिसतो. काही जणांना, विशेषतः महिला कर्मचाऱ्यांना, ते नको असतं, आणि ती हरकत रास्त आहे.

परीक्षा म्हणून पोल घेणं ही ग्रुपवरची सर्वात मोठी चूक. पर्याय १२ देता येतात, पण नेहमीच्या पोलमध्ये कोणी काय निवडलं ते सगळ्यांसमोर उघडं असतं. पहिलं मत सुपरवायझरचं पडलं की बाकीचे त्याच्यामागे. सुपरवायझर चुकला तर अख्खी पाळी एकमताने चुकते आणि तक्त्यात मात्र छान एकवाक्यता दिसते. त्यात ‘एकापेक्षा जास्त उत्तरं’ हा पर्याय मुळात चालूच असतो, तो आठवणीने बंद करावा लागतो. मत आजमावायला पोल ठीक आहे, ज्ञान तपासायला नाही.

व्हॉट्सअ‍ॅपचीच ब्रॉडकास्ट लिस्ट ग्रुपपेक्षा सभ्य. मेसेज प्रत्येकाला स्वतंत्र येतो, उत्तरही फक्त पाठवणाऱ्याकडे जातं. पण एका यादीत २५६ जणच मावतात, आणि खरी मेख पुढे आहे: ज्यांनी पाठवणाऱ्याचा नंबर फोनमध्ये सेव्ह केलेला नाही, त्यांना मेसेज पोचतच नाही. नव्याने रुजू झालेली माणसं, म्हणजे ज्यांना धड्याची गरज सर्वात जास्त, तीच यात गळतात. रुजू होण्याच्या दिवशी त्यांच्याकडून नंबर सेव्ह करून घ्यायचा, त्यांना एक शब्द पाठवायला लावायचा आणि मगच नाव यादीत घालायचं. माणसं पन्नासच्या आत असतील तर एवढ्यावर काम नीट भागतं.

त्याच्या वरच्या आकड्यांना व्हॉट्सअ‍ॅपची व्यवसायांसाठीची यंत्रणा, म्हणजे बॉट (आपोआप मेसेज पाठवणारा प्रोग्राम) जोडता येणारी, उपयोगी पडते. हिला चार गुण. इथे धडा बटणांनिशी जातो आणि कोणी कुठलं बटण दाबलं याची नोंद आपोआप होते. नियम मात्र नीट समजून घ्यावे लागतात. समोरच्याची संमती आधी हवी. त्याने शेवटचा मेसेज केल्यापासून २४ तास मोकळेपणाने काहीही पाठवता येतं, त्यानंतर फक्त व्हॉट्सअ‍ॅपकडून आधी मंजूर करून घेतलेला साचा, म्हणजे ठरावीक मजकुराचा मेसेज चालतो. त्यामुळे रोजचा पहिला मेसेज हा धडा नसतोच. ‘आजचा प्रश्न तयार आहे’ आणि खाली ‘सुरू करा’ हे बटण, एवढाच तो साचा. बटण दाबलं की ती २४ तासांची खिडकी उघडते आणि मग धडा, चित्र, व्हिडिओ काय ते जाऊ द्यावं. ही पायरी न कळल्यामुळे पुष्कळ जण अख्खा धडा साच्यात कोंबतात आणि मग एक अक्षर बदलायचं म्हटलं तरी पुन्हा मंजुरीची वाट बघतात.

एक प्रश्न जवळून पाहू. गोदामातल्या चालकांसाठी: ‘भरलेला फोर्कलिफ्ट उतारावरून खाली आणायचा आहे. कसा?’ उत्तराची बटणं जास्तीत जास्त तीन: ‘माल पुढे ठेवून’, ‘रिव्हर्समध्ये’, ‘तिरका, वळण घेत’. बरोबर उत्तर दुसरं, कारण माल चढाच्या बाजूला राहायला हवा. पहिलं बटण दाबणाऱ्याला लगेच उत्तर जायला हवं की वजन पुढे झुकतं, माल काट्यांवरून घसरतो आणि गाडीही पुढे कलंडू शकते. तिसरं दाबणाऱ्याला वेगळं: उतारावर आडवी झालेली गाडी कुशीवर पडते. दोन चुकांना दोन उत्तरं, कारण दोन्ही माणसांच्या डोक्यातला गोंधळ वेगळा आहे. ‘चूक, पुन्हा प्रयत्न करा’ असं लिहून भागवलं तर माणूस उरलेलं बटण दाबून मोकळा होतो. चुकीचे पर्यायही खरोखर घडणाऱ्या चुकांमधूनच घ्यावेत. ‘कसाही चालेल’ असला पर्याय कोणी दाबत नाही; तीनातली एक जागा फुकट जाते.

बटणावर २० अक्षरं मावतात, आणि मराठीत लिहिताना हमखास घोळ होतो तो इथे. यंत्र काना, मात्रा, हलन्त सगळं वेगळं मोजतं. ‘कार्यपद्धती’ डोळ्यांना पाच अक्षरं दिसतात, मोजणीत ११ भरतात. वरचा पर्याय ‘माल चढाच्या बाजूला ठेवून’ असा लिहिला तर २४ होतात आणि बटण नाकारलं जातं. पर्याय लांबच हवे असतील तर यादीचा प्रकार वापरावा. त्यात १० ओळी बसतात, पण त्या बघायला एक दाब जास्त पडतो, आणि त्या एका दाबापाशी घाईतली माणसं गळतात.

टेलिग्रामलाही चार, आणि छोट्या संस्थेला ते जास्त परवडतं, कारण क्विझची सोय अ‍ॅपमध्येच आहे. बरोबर उत्तर आधीच नेमून ठेवता येतं, एकदा दिलेलं उत्तर बदलता येत नाही आणि उत्तरानंतर २०० अक्षरांपर्यंत खुलासा दाखवता येतो. मेसेज वेळ लावून पाठवता येतात. ग्रुपमध्ये जुनं सगळं नव्या माणसाला दिसेल असं ठेवता येतं, म्हणजे उशिरा आलेलाही पहिल्या धड्यापासून सुरू करू शकतो. एक खबरदारी: क्विझ मुळात निनावी असते. कोणी काय उत्तर दिलं हे हवं असेल तर निनावी मतदान बंद करावं लागतं, आणि ते ग्रुपमध्येच जमतं, एकतर्फी मेसेजच्या चॅनेलवर नाही. चॅनेलवर टक्केवारी तेवढी कळते. राहिला मूळ अडथळा: टेलिग्राम सगळ्यांच्या फोनमध्ये नसतं, आणि ‘नवं अ‍ॅप नको’ म्हणूनच तर आपण इकडे आलो होतो.

एसएमएसला अडीच. साधा फोन असलेल्यांसाठी तो हवाच, नेट नसताना पोचतो हेही खरं. पण रोमन लिपीत १६० अक्षरं मिळतात आणि देवनागरीचं एक जरी अक्षर आलं की मर्यादा ७० वर येते. वरचा फोर्कलिफ्टचा प्रश्न रिकाम्या जागा धरून ४९ खातो. ‘१ पुढे २ मागे ३ तिरका’ हे आणखी २१, आणि मधली रिकामी जागा एक: झाले ७१. एका अक्षरासाठी एका एसएमएसचे दोन होतात. ‘आहे’ नंतरचा पूर्णविराम काढला की बसतं. एसएमएसवर शिकवायचं म्हणजे असा काटकसरीचा संसार.

गूगल फॉर्म हे स्वतः पाठवण्याचं साधन नाही, पण ब्रॉडकास्टला जोडून चांगलं चालतं. क्विझ चालू करून गुण ‘लगेच’ दाखवायचे, पर्यायांचा क्रम फिरता ठेवायचा आणि प्रत्येक प्रश्नाला चुकल्यावरचा खुलासा भरायचा. ‘एकच प्रतिसाद’ हे सेटिंग लावलं की गूगल खात्यात लॉगइन करावं लागतं, आणि पासवर्ड विसरलेली माणसं तिथेच परत फिरतात. ते बंद ठेवून कर्मचारी क्रमांक विचारावा आणि पहिला प्रतिसाद ग्राह्य धरावा. टीम्स आणि स्लॅक ही ऑफिसातली चॅट अ‍ॅप्स टेबलावर बसणाऱ्यांना ठीक. स्लॅकच्या फुकट योजनेत ९० दिवसांपलीकडचे मेसेज दिसत नाहीत, तेव्हा धड्यांचा साठा तिथे करू नये.

साधन कुठलंही घ्या, वेळापत्रक चुकलं तर सगळे गुण वजा. रोज नवा धडा पाठवणं उत्साहाचं लक्षण आहे, शहाणपणाचं नाही. मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउसने १८८५ मध्येच दाखवलं होतं की विसरण्याचा वेग सुरुवातीच्या काही तासांत सर्वात जास्त असतो. रोएडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ च्या प्रयोगात पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत मजकूर पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर पारडं आठवून लिहिणाऱ्यांकडे झुकलं. धडा वाचल्याबरोबर घेतलेल्या प्रश्नावर सगळे पास होतात आणि प्रशिक्षकाची फसगत होते, ती यामुळेच. आठवड्याला दोनच नवे धडे घ्यावेत. त्यांचे प्रश्न दुसऱ्या, सातव्या आणि एकविसाव्या दिवशी पुन्हा, शब्द आणि पर्यायांचा क्रम बदलून. बारा आठवड्यांच्या २४ धड्यांचे ७२ प्रश्न होतात. ते सुरू करण्याआधी लिहून ठेवावेत. चौथ्या आठवड्यात रात्री बसून लिहिलेले प्रश्न वाचले की लगेच ओळखू येतात.

व्हिडिओ उभा, ९० सेकंदांच्या आत आणि खाली मोठ्या अक्षरांत मजकूर असलेला हवा, कारण पाळीवर असलेला माणूस तो आवाज बंद ठेवूनच बघतो. पाठवताना व्हिडिओची प्रत घसरते, म्हणून स्लाइडवरची बारीक अक्षरं वाचता येत नाहीत. ज्यांना वाचन जड जातं त्यांना व्हॉइस नोट. ती ऐकली की माइकचं चिन्ह निळं होतं, तेवढी खात्री मिळते.

हाताच्या कामाला मात्र फोन पुरा पडत नाही. हृदय बंद पडलेल्याच्या छातीवर दाब मिनिटाला १०० ते १२०, खोली ५ ते ६ सेंटीमीटर: हे आकडे चॅटवर पाठ होतात, पण पाच सेंटीमीटर म्हणजे किती जोर ते पुतळ्यावर हात ठेवल्याशिवाय कळत नाही. अशा विषयात चॅट फक्त प्रत्यक्ष सरावाच्या आधी आणि नंतर.

धडा पाळीच्या वेळेतच जावा, पहिल्या अर्ध्या तासात नको. आणि नोकरी सोडून गेलेल्यांचे नंबर दर महिन्याच्या पगारपत्रकाशी ताडून काढून टाकावेत, नाहीतर कंपनीच्या यंत्रांची आणि कार्यपद्धतीची माहिती सहा महिन्यांपूर्वी गेलेल्या माणसाला रोज सकाळी मिळत राहते.