शेवटची दोन मिनिटं आणि टेबलावरचं घड्याळ: भाड्याच्या स्कोअरबोर्ड संचाचं परीक्षण

जळगाव, धुळे, नंदुरबार, कुठेही आंतरमहाविद्यालयीन बास्केटबॉल स्पर्धा भरवायची म्हटली की कोर्ट असतं, चेंडू असतात, पंचही येतात. अडतं ते घड्याळाशी. टेबलावर स्टॉपवॉच आणि पलटायच्या आकड्यांची पाटी ठेवली तरी पहिली अडतीस मिनिटं निभावून जातात. पुढच्या दोन मिनिटांत दोन्ही प्रशिक्षक टेबलाकडे तोंड करून ओरडू लागतात, "कितला टाइम ऱ्हायना रे भो?" आणि टाइमर (घड्याळ सांभाळणारा) अंदाजे उत्तर देतो. त्या अंदाजावर फाउल करायचा की बचाव करायचा हे ठरतं, आणि सामना तिथेच हातातून जातो.

परीक्षण आहे ते क्रीडा साहित्य पुरवणाऱ्यांकडे विकत आणि भाड्यानेही मिळणाऱ्या, कंपनीचं नाव नसलेल्या डिजिटल संचाचं. त्यात टेबलापुढे ठेवायचा मुख्य फळा, शॉट क्लॉकचे (चेंडू हाती आल्यापासून २४ सेकंदांत शॉट घ्यायला लावणाऱ्या घड्याळाचे) दोन फळे, दोन कंट्रोलर, भोंगा, लोखंडी स्टँड आणि वायरींची भेंडोळी एवढं सामान येतं. दिसायला कसा आहे, किती हलका आहे याला इथे महत्त्व नाही. शेवटच्या दोन मिनिटांत प्रशिक्षकाला त्याच्याकडे बघून बरोबर निर्णय घेता येतो का, एवढी एकच कसोटी लावली आहे.

त्या वेळी प्रशिक्षक खरं तर दोन घड्याळांतला फरक वाचत असतो. समजा तुम्ही ३ गुणांनी मागे आहात, सामन्याचे ४० सेकंद उरलेत आणि समोरच्यांच्या हाती नवे २४ सेकंद आहेत. फरक १६ सेकंदांचा. म्हणजे घड्याळ थांबवायला मुद्दाम फाउल करायची गरज नाही. घट्ट बचाव करा, रिबाउंड (चुकलेल्या शॉटचा परतलेला चेंडू) घ्या, हल्ल्याला पंधराएक सेकंद मिळतात. तीच स्थिती ०:२८ वर असेल तर फरक फक्त ४ सेकंद. तिथे चेंडू हिसकावायचा प्रयत्न करायचा आणि तो फसला की लगेच फाउल. शॉट क्लॉकच नसेल तर समोरचे पूर्ण ४० सेकंद चेंडू फिरवू शकतात, आणि मागे पडलेल्या संघाकडे फाउलशिवाय दुसरं हत्यार राहत नाही. अमेरिकन कॉलेज बास्केटबॉलमध्ये १९८३ सालची अंतिम लढत अशीच झाली. नॉर्थ कॅरोलिना स्टेटने मुद्दाम फाउल करत ह्यूस्टनला फ्री थ्रो रेषेवर पाठवलं आणि ५४-५२ असा सामना काढला. तिथल्या पुरुषांच्या स्पर्धेत शॉट क्लॉक १९८५-८६ च्या मोसमात आलं, तेही ४५ सेकंदांचं. आपल्याकडे शॉट क्लॉकविना होणारे सामने शेवटी धसमुसळे होतात, त्याचं कारणही बऱ्याच अंशी हेच.

म्हणून या संचाचा पहिला आणि सर्वांत मोठा गुण असा की दोन्ही घड्याळं एका नजरेत दिसतात, अर्थात फळे नीट मांडले तर. शॉट क्लॉकचे फळे दोन्ही बास्केटच्या मागे, अंतिम रेषेपासून २ मीटरपेक्षा जास्त अंतरावर, कोपऱ्याकडे ठेवावेत. स्टँड हलके आहेत, वाऱ्याने डुलतात. प्रत्येकाच्या पायावर वाळूची पिशवी हवीच.

आकडे दाखवण्याच्या पद्धतीत मात्र गडबड आहे. सामन्याचं घड्याळ शेवटच्या मिनिटात सेकंदाचा दहावा भाग दाखवतं, हे उत्तम. आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे थ्रो-इनच्या (रेषेबाहेरून चेंडू आत टाकण्याच्या) वेळी ०.३ सेकंद किंवा जास्त उरले असतील तरच झेलून शॉट मारता येतो. ०.२ किंवा ०.१ असेल तर चेंडू नुसता टॅप करायचा किंवा थेट डंक करायचा. फळ्यावर दशांशच नसेल तर प्रशिक्षकाने कोणता डाव आखायचा? इथे तो प्रश्न सुटलाय. शॉट क्लॉकला मात्र दशांश नाही, आणि ते अपूर्णांक गाळून टाकतं. चालू होताच २४ चे २३ होतात आणि शेवटी एक पूर्ण सेकंद '०' दिसत राहतो. शून्य दिसलं म्हणून खेळाडू घाईने चेंडू फेकतो, प्रत्यक्षात त्याच्याकडे जवळपास एक सेकंद असतो. उपाय एकच, 'शून्य दिसलं तरी भोंग्यापर्यंत खेळा' हे सामन्याआधी दोन्ही संघांना सांगणं.

कंट्रोलरवर २४ आणि १४ ची बटणं वेगळी आहेत. स्वस्त संचांत १४ चं बटण नसतंच, त्यामुळे हे जमेचं. पण दोन्ही शेजारी-शेजारी आणि एकाच रंगाची. शॉट रिंगला लागून आक्रमण करणाऱ्या संघानेच रिबाउंड घेतला की १४ द्यायचे असतात, आणि गडबडीत बोट २४ वर पडतं. याची किंमत मोजून बघा. एका गुणाने पुढे असलेल्या संघाला ०:३० वर असा रिबाउंड मिळाला. १४ दिले तर समोरच्यांना ०:१६ च्या सुमारास चेंडू मिळतो, २४ दिले तर ०:०६ ला. बोटाच्या एका चुकीत समोरच्या प्रशिक्षकाचे १० सेकंद गेले. १४ च्या बटणावर लाल चिकटपट्टी लावा. शॉट रिंगला लागलाच नाही आणि चेंडू त्याच संघाकडे राहिला तर काहीच दाबायचं नाही, घड्याळ चालू राहतं. ही चूकही वारंवार होते. सामन्याचे १४ पेक्षा कमी सेकंद उरले असताना चेंडूचा नवा ताबा आला तर शॉट क्लॉक कोरं करायचं असतं. त्यासाठी या संचात २४ चं बटण दोन सेकंद दाबून धरावं लागतं. स्वतंत्र बटण हवं होतं.

टाइमआउटनंतर चेंडू पुढे घेण्याच्या नियमात शॉट क्लॉकवाल्याची खरी परीक्षा होते. शेवटच्या दोन मिनिटांत ज्या संघाला स्वतःच्या बॅककोर्टमधून (आपण राखतो त्या बास्केटकडच्या अर्ध्यातून) थ्रो-इन मिळणार आहे त्याने टाइमआउट घेतला, तर थ्रो-इन तिथूनच घ्यायचा की पुढच्या अर्ध्यातल्या खुणेवरून, हे प्रशिक्षक ठरवतो. ती खूण टेबलासमोरच्या बाजूला, अंतिम रेषेपासून ८.३२५ मीटरवर असते. आपल्याकडच्या अनेक सिमेंटच्या कोर्टांवर ती आखलेलीच नसते, खडूने आखून घ्या. समोरच्यांनी बास्केट केल्यानंतर पुढून घेतलं तर १४ सेकंद मिळतात, मागून घेतलं तर २४. एका गुणाने पुढे असलेला संघ ०:२० वर चेंडू पुढे नेतो, तेव्हा हातचे सेकंद गमावतो. १४ संपले की त्याला शॉट घ्यावाच लागतो आणि समोरच्यांना सहा सेकंद उरतात. मागून घेतलं तर शॉट घ्यायचं बंधनच नाही. फक्त ८ सेकंदांत मध्यरेषा ओलांडायची आणि प्रेस (चेंडू मागेच अडवणारा दाटीचा बचाव) फोडायचा, त्यासाठी चेंडू हाताळणारे दोन भरवशाचे खेळाडू मैदानात हवेत. २ गुणांनी मागे असताना ०:०९ वर मात्र पुढूनच घ्यावं.

टाइमआउट दाखवायला प्रत्येक संघाला तीन दिवे आहेत. दुसऱ्या अर्ध्यात तीन टाइमआउट मिळतात, पण शेवटच्या दोन मिनिटांत त्यांतले जास्तीत जास्त दोनच वापरता येतात. २:०० पर्यंत एकही घेतला नसेल तर एक वाया गेला. संचाला हा नियम कळत नाही, तो तीन दिवे दाखवतच राहतो. २:१५ च्या आसपास चेंडू थांबला की स्कोअररनेच स्कोअरशीट पाहून दोन्ही बाकांना सांगावं. चुकीच्या दिव्यावर विसंबून प्रशिक्षकाने डाव आखला तर त्याचा दोष त्याला देता येत नाही. १९९३ च्या अमेरिकन कॉलेज अंतिम सामन्यात मिशिगनच्या ख्रिस वेबरने ११ सेकंद उरले असताना टाइमआउट मागितला, तेव्हा संघाकडे एकही शिल्लक नव्हता. तांत्रिक फाउल लागला आणि नॉर्थ कॅरोलिनाने ७७-७१ असा सामना जिंकला. टाइमआउट किती उरलेत हे बाकावरच्या प्रत्येकाला तोंडपाठ हवं.

फाउलच्या आकड्यात या संचाची सर्वांत धोक्याची खोड दडली आहे. क्वार्टर बदलायचं बटण दाबलं की संघाचे फाउल आपोआप शून्य होतात. चार क्वार्टरपर्यंत ते योग्यच. पण जादा वेळेत चौथ्या क्वार्टरचे फाउल पुढे चालू धरायचे असतात. बरोबरीनंतर टाइमरने बटण दाबलं आणि आकडे पुन्हा भरले नाहीत, तर फळ्यावर शून्य दिसतं. प्रशिक्षकाला वाटतं आपल्याकडे चार फाउल मोकळे आहेत, आणि चौथ्या क्वार्टरमध्येच चार झाले असतील तर पहिल्याच फाउलला समोरचा खेळाडू दोन फ्री थ्रो घ्यायला उभा राहतो. क्वार्टरमधल्या पाचव्या फाउलपासून दोन फ्री थ्रो मिळतात. म्हणून दोनच फाउल झालेल्या संघाला ०:२० वर मागे असताना आधी दोन फाउल नुसते 'खर्च' करावे लागतात, तिसऱ्याला फ्री थ्रो. प्रत्येकात एक-दोन सेकंद जातात. हा हिशेब १:०० वरच झाला पाहिजे. चौथ्या फाउलनंतर लाल इशारा देण्याची सोय फळ्यात नाही. टेबलाच्या त्या संघाकडच्या टोकाला लाल कोन ठेवा, दोन्ही बाकांवरून दिसतो.

३ गुणांनी पुढे असताना, समोरच्यांना तीन गुणांच्या शॉटऐवजी दोनच फ्री थ्रो मिळावेत म्हणून फाउल करावा का, हा वाद जुना आहे. २००८ च्या अमेरिकन कॉलेज अंतिम सामन्यात मेम्फिस तीनने पुढे होतं, फाउल झाला नाही, कॅन्ससच्या मारिओ चाल्मर्सने २.१ सेकंद उरले असताना तीन गुणांचा शॉट टाकून बरोबरी केली आणि जादा वेळेत कॅन्ससने ७५-६८ अशी बाजी मारली. आमचं मत स्पष्ट आहे: सहा-सात सेकंदांच्या आत, समोरच्याची पाठ बास्केटकडे असताना किंवा तो ड्रिबल करत असताना, चेंडूवर हात टाकत फाउल करावा. शॉटची हालचाल सुरू झाल्यावर हात लावला तर तीन फ्री थ्रो जातात. आणि थ्रो-इन करणाऱ्याच्या हातून चेंडू सुटण्याआधी मैदानात कोणालाही पकडू नका. शेवटच्या दोन मिनिटांत बचाव करणाऱ्याच्या अशा फाउलला एक फ्री थ्रो आणि वर चेंडूही त्यांनाच मिळतो.

भोंगा मोठा आहे, पण दोन्ही घड्याळांना एकच आवाज. सामन्याचे २५ आणि शॉटचे २४ सेकंद असतील तर दोन भोंगे एका सेकंदाच्या अंतराने वाजतात आणि बास्केट आधी की नंतर यावर मैदानात भांडण होतं. बॅकबोर्डला लाल दिवा नाही, त्यामुळे पंचांना आवाजावरच निर्णय द्यावा लागतो. दोन्ही आवाज वेगळे करून देता येतील का, हे पुरवठादाराला बुकिंगच्या वेळीच विचारा.

आता वीज. अडॅप्टरवर १२ व्होल्ट, ३ अँपिअर असं लिहिलंय. यूपीएसमध्ये असते तशी ७ अँपिअर-तासाची बॅटरी जोडली तर कागदावर सव्वादोन तास चालेल, जुनी असेल तर त्याहून बरीच कमी. सराव धरून एका सामन्याला दीड-पावणेदोन तास लागतात. म्हणजे सामन्यामागे एक भरलेली बॅटरी. वीज गेली की संचाची स्मृतीही जाते आणि घड्याळ पुन्हा १०:०० दाखवतं. म्हणून २:०० नंतर प्रत्येक वेळी चेंडू थांबला की वेळ, गुण, फाउल कागदावर लिहायला एक विद्यार्थी बसवा.

खान्देशातल्या उघड्या कोर्टांवर चारच्या उन्हात पश्चिमेकडे तोंड असलेला फळा वाचता येत नाही, लाल आकडे धुऊन निघतात. टेबल पश्चिमेच्या बाजूला घेतलं तर फळा सावलीत राहतो. वरून नऊ इंचांचा पुठ्ठ्याचा छज्जा लावा. एसटीत किंवा टेम्पोत आदळून वायरी पिनांपाशी तुटतात, चार सुट्या पिना आणि सोल्डरिंगचं सामान सोबत हवं.

अमेरिकन कॉलेजचे व्हिडिओ पाहून डाव बसवणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं. तिथल्या पुरुषांच्या सामन्यात २० मिनिटांचे दोन अर्ध असतात, शॉट क्लॉक ३० सेकंदांचं, मध्यरेषेला १० सेकंद, सातव्या फाउलला पहिला फ्री थ्रो पडला तरच दुसरा, आणि टाइमआउटनंतर चेंडू पुढे नेण्याची सोय नाही. 'एकाच्या बदल्यात दोन ताबे' हा डाव घ्या, म्हणजे समोरच्यांच्या एका ताब्यामागे आपले दोन. आपल्या २४ सेकंदांत ०:३३ च्या सुमारास शॉट सुटला तर ०:०८ ला चेंडू परत मिळतो. तिथे त्यासाठी ०:३९ ला शॉट घ्यावा लागतो. व्हिडिओतला आकडा तसाच उचलला तर आपला खेळाडू सहा सेकंद आधीच, बचाव फुटण्याआधी शॉट मारतो.

दरवर्षी यजमानपद येणाऱ्या कॉलेजने संच विकत घ्यावा, इतरांनी निदान उपांत्य आणि अंतिम सामन्यांसाठी भाड्याने आणावा. भाडं दिवसाचं की सामन्याचं, वाहतूक धरून की वेगळी, हे लेखी घ्या. सोबत येणाऱ्या माणसाला वायरी जोडता येतात, नियम येतीलच असं नाही. शॉट क्लॉकवर आपलाच खेळ जाणणारा माणूस बसवा आणि आदल्या दिवशी तासभर सराव सामन्यावर त्याची बोटं तयार करा. सामन्याआधी वीस मिनिटं काढून मोबाइलच्या स्टॉपवॉचशी एक पूर्ण क्वार्टर ताडून बघा, एकदा मुद्दाम वायर काढा, एकदा पाचव्या क्वार्टरचं बटण दाबून फाउलचे आकडे पुन्हा भरून बघा.