लाकडी सर्फबोर्डावर काय चढवावं: इपॉक्सी, पॉलिएस्टर की नुसतं तेल?

आधी बोर्ड पोकळ आहे की भरीव ते बघा. निम्मा निर्णय तिथेच होतो.

भरीव बोर्डात तेलाला खरा मान आहे. जुने हवाईयन कारागीर कुकुई झाडाच्या बियांचं तेल चोळत. ऑस्ट्रेलियात बोर्ड बनवणाऱ्या टॉम वेगनरने पॉलोनिया झाडाच्या लाकडातून ‘अलाया’ ही जुनी हवाईयन, पातळ, बिनफिनची (खाली दिशा धरणारा पंख नसलेली) फळी पुन्हा लाटांवर आणली. पॉलोनिया हलकं असतं आणि पाणी कमी पितं, म्हणून तेलावर भागतं. ओरखडा आला की पुन्हा तेल चोळायचं, संपलं. पण अलाया फार कमी तरंगते, त्यामुळे नवशिक्याने तिच्या वाटेला जाऊ नये.

अमेरिकन सर्फर टॉम ब्लेकने १९३२ साली पेटंट मिळवलं त्या जातीचा, आत फासळ्या आणि वर पातळ लाकूड असलेला पोकळ बोर्ड करत असाल, तर तेल विसरा. एक सांधा उकलला की पोटात पाणी. इथे फायबरग्लासचं कापड आणि ते लाकडाला चिकटवून कडक होणारं रेझिन हवंच. रेझिन दोन प्रकारचं: पॉलिएस्टर आणि इपॉक्सी.

पॉलिएस्टर स्वस्त आणि झटपट. फोमच्या बोर्डांवर ते पिढ्यान्‌पिढ्या चाललंय. लाकडावर मात्र त्याची पकड कमी पडते, सीडरसारख्या तेलकट लाकडावर तर आणखीच. वाळताना ते आकसतंही जास्त. शिवाय त्यातल्या स्टायरीन या रसायनाचा उग्र वास. मी लाकडावर पॉलिएस्टर लावणार नाही.

इपॉक्सी महाग आहे, सावकाश वाळतं, पण लाकडात मुरून घट्ट धरतं. मात्र त्याची शिस्त वेगळी. पॉलिएस्टरमध्ये हवामान बघून हार्डनर (रेझिन कडक करायला मिसळायचं द्रव्य) कमीजास्त करता येतो. इपॉक्सीत डब्यावरचं प्रमाण म्हणजे प्रमाण. लवकर वाळावं म्हणून हार्डनर वाढवलात तर थर मऊच राहील. कालवलेलं रेझिन कपात ठेवू नका, तापून धूर येतो. पसरट ट्रेमध्ये ओता.

सगळ्यात जास्त बोर्ड खराब होतात ते बुडबुड्यांनी. लाकूड तापलं की आतली हवा फुगून ओल्या रेझिनमधून वर येते. म्हणून आधी पातळ थर देऊन लाकडाची भूक भागवा, आणि कापड चढवायचं ते दुपार कलल्यावर, तापमान उतरत असताना. कोकणासारख्या दमट हवेत वाळलेल्या थरावर मेणचट साय धरते. ती पाण्याने घासून काढल्याशिवाय पॉलिश पेपर लावू नका. कापड खालून ४ औंसाचं (चौरस यार्डामागे वजन) पुरतं, उभं राहायच्या बाजूला ६ औंसाचं घ्या. उन्हाने इपॉक्सी पिवळं पडतं, तेव्हा शेवटी यूव्ही रोखणारं व्हार्निश हवं.

वास नाही म्हणून उघड्या हाताने इपॉक्सीला शिवू नका. त्वचेला ॲलर्जी एकदा जडली की सहसा जात नाही.

पोकळ बोर्डाला हवेचं बूच बसवाच. ग्लासिंग (कापड आणि रेझिन चढवणं) करताना आणि उन्हात ठेवताना ते उघडं, पाण्यात शिरण्याआधी घट्ट.