तयार ४ एक्स लेम्ली सॅम्पल बफर: बाटली चांगली, माहितीपत्रक तोकडं

एसडीएस-पेजसाठी (जेलमध्ये प्रथिनं आकारानुसार वेगळी करायची पद्धत) १० मिलीच्या बाटलीत मिळणारा हा चौपट तीव्र बफर. आत ट्रिस (पीएच ६.८), एसडीएस (प्रथिनं उलगडणारा डिटर्जंट), ग्लिसरॉल आणि ब्रोमोफेनॉल ब्लू, लेम्लीच्या १९७० च्या कृतीहून फारसं वेगळं काही नाही. प्रथिनांतले डायसल्फाइड बंध तोडणारं बीटा-मरकॅप्टोइथेनॉल मात्र यात नसतं आणि ते लेबलावर बारीक अक्षरात लिहिलंय. ते घालायचं राहिलं तर ते बंध तुटत नाहीत: आयजीजी या प्रतिपिंडाचे ५० आणि २५ किलोडाल्टनचे (प्रथिनाच्या वजनाचं एकक) बँड दिसण्याऐवजी वर १५० च्या आसपास एकच जाड बँड दिसतो. ९०० मायक्रोलिटर बफरला १०० मायक्रोलिटर मरकॅप्टोइथेनॉल पुरे. त्या दिवशी लागेल तेवढंच बनवा, फ्यूम हूडमध्ये.

प्रमाण सोपं आहे, ३० मायक्रोलिटर सॅम्पलला १०. पण ग्लिसरॉलमुळे द्रव मधासारखा घट्ट, त्यामुळे घाईत ओढलं की पिपेटमध्ये कमी येतं. टिप जेमतेम बुडवा, सावकाश ओढा, क्षणभर थांबा. फ्रिजमध्ये ठेवल्यास एसडीएसचे पांढरे स्फटिक तळाशी बसतात; ३७ अंशांवर पूर्ण विरघळवल्याशिवाय वापरू नका.

आता माहितीपत्रक. सगळ्याच सॅम्पलना ‘९५ अंश, ५ मिनिटं’ हा एकच सल्ला. विद्राव्य प्रथिनांना तो चालतो. बहुपारपटल प्रथिनं (पेशीचं पटल अनेकदा आरपार ओलांडणारी) मात्र उकळल्यावर एकमेकांना चिकटतात आणि जेलच्या विहिरीतच अडकून बसतात. त्यांना ३७ अंशांवर अर्धा तास द्या. पोटॅशियमबद्दल तर अवाक्षर नाही. सॅम्पलमध्ये केसीएल (पोटॅशियम क्लोराइड) किंवा पोटॅशियम फॉस्फेट जास्त असेल, तर बफर पडताच पांढरा साका येतो. ते प्रथिन नव्हे, पोटॅशियम डोडेसिल सल्फेट, म्हणजे पोटॅशियमने बांधलेलं एसडीएस. सेंट्रिफ्यूज करून वरचा द्रव भरला तरी एसडीएस कमीच पडतं. आधीच सोडियमच्या बफरमध्ये डायलिसिस करा किंवा चौपट थंड अ‍ॅसिटोनने प्रथिन साक्यात आणा. प्रथिनं विरघळवायला वापरतात त्या ग्वानिडिनचीही हीच गत.

टीसीएने (ट्रायक्लोरोअ‍ॅसिटिक आम्ल) प्रथिनाचा साका काढला असेल आणि निळा बफर पिवळा पडला, तर आम्ल उरलंय असं समजा. १ मोलर ट्रिस बेस थेंबाथेंबाने घाला, निळा झाला की थांबा. लायसेट (फोडलेल्या पेशींचा द्रव) शेंबडासारखा ओढला जात असेल तर तो दोष डीएनएचा. सोनिकेशन (ध्वनिलहरींनी तुकडे) करा किंवा २५ गेजच्या सुईतून काही वेळा खेचा. गरम केल्यावर झाकणाखाली जमलेलं पाणी स्पिन करून खाली आणायला विसरू नका. प्रथिनाचं मापन बफर घालण्याआधीच उरका, कारण एवढ्या एसडीएसमध्ये ब्रॅडफर्ड ही मापनाची चाचणी चालत नाही.

वर्गभर विद्यार्थी असतील तर बाटली घेऊ नका, बफर स्वतःच बनवा: २.५ मिली १ मोलर ट्रिस-एचसीएल, ०.८ ग्रॅम एसडीएस, ४ मिली ग्लिसरॉल, ४ मिलिग्रॅम ब्रोमोफेनॉल ब्लू, पाण्याने १० मिली. रोज वेस्टर्न ब्लॉट (जेलमधलं ठरावीक प्रथिन प्रतिपिंडाने शोधायची पद्धत) करणाऱ्यांनी मात्र बाटली जरूर घ्यावी. प्रत्येक खेपेला पीएच सारखा मिळतो, त्याचेच पैसे.