विंचेस्टर ९४ : एका हंगामानंतर

पेनसिल्व्हेनियातला हरणांचा हंगाम आणि त्याआधीचे रेंजवरचे महिने धरले, तर विंचेस्टर ९४ ही लिव्हर ओढून काडतूस भरायची रायफल आता माझ्या चांगली अंगवळणी पडली आहे. माझी १९५०च्या दशकातली, जुनी घेतलेली. काडतूस थर्टी-थर्टी, नळी २० इंची.

सर्वात जास्त आवडतं ते हिला घेऊन चालणं. वजन तीन किलोच्या आसपास, आणि जिथे तोल साधतो तिथेच ती इतकी चपटी आहे की एका मुठीत मावते. ही तिचा रचनाकार जॉन ब्राउनिंग याची करामत. १८८६च्या मॉडेलमध्ये बोल्ट (काडतुसामागे नळी बंद करणारा दांडा) अडवायला त्याने दोन्ही बाजूंना एकेक पट्टी दिली होती; इथे बोल्टच्या मागे एकच जाड ठोकळा खालून वर सरकतो. रायफल रिकामी करून लिव्हर सावकाश ओढा आणि पोटाकडे बघा: तळाची पट्टीच बिजागरीवर खाली झुकते. त्यामुळे लांब काडतूसही एवढ्याशा जागेत वर चढतं. हे बघायचा मला अजून कंटाळा आलेला नाही.

१८९४ला ती काळ्या दारूच्या काडतुसांसाठी आली. पुढच्याच वर्षी निकेल-पोलादाची नळी आणि बिनधुराच्या दारूचं थर्टी-थर्टी आलं, आणि अमेरिकेतल्या हरणांच्या शिकारीत ही जोडी कायमची रुजली.

आता उणिवा. रिकामी पुंगळी सरळ वर उडते, म्हणून दुर्बीण नळीच्या बरोबर वर बसत नाही. कंपनीने १९८२च्या सुमारास पुंगळी तिरकी बाहेर काढली, पण माझ्या रायफलला त्याचा काय उपयोग! साध्या माशीवर (नळीवरच्या नेमाच्या खुणेवर) मी शंभर यार्डांपर्यंतच बार टाकतो. काडतुसं साठवणारं मॅगझिन नळीचं असल्याने एका गोळीचं टोक पुढच्या काडतुसाच्या टोपीला (आघाताने पेटणाऱ्या भागाला) टेकतं, तेव्हा टोकदार गोळ्या वर्ज्य. बोथट तोंडाच्या किंवा हॉर्नाडी कंपनीच्या मऊ टोकाच्याच घ्या. रायफल रिकामी करताना प्रत्येक काडतूस लिव्हरनेच बाहेर काढावं लागतं, ते मला मनापासून खटकतं. वेगळा सेफ्टी खटकाही नाही. घोडा अर्ध्यावर आणून ठेवायचा, आणि थंडीत जाड हातमोजे घालून ते करताना नळी कुठे रोखली आहे याचं भान सुटता कामा नये.

जुनी घेणार असाल तर १९६४च्या आधीची शोधा. त्या वर्षी खर्च वाचवण्यासाठी घडीव भागांच्या जागी पत्र्याचे ठोकीव भाग आले. नंतरच्याही नेम नीट धरतात, पण लिव्हर ओढताना फरक हाताला कळतो. दुर्बीण हवीच असेल, तर जपानमध्ये मिरोकूच्या कारखान्यात बनणारी नवी घ्या. तिला अंगठ्याखाली सेफ्टीही आहे.