वाळलेली भिंत दाखवून घेतलेले ३८,५०० रुपये

आधी युक्ती सांगतो, मग हकीकत. भिंतीतला पाइप गळत असेल आणि त्या पाइपचं पाणी बंद केलं, तर भिंत आपोआप वाळते. त्यासाठी कुणाला काही दुरुस्त करावं लागत नाही. एवढ्या भांडवलावर एक माणूस आमच्या सांगलीत काम करून गेला आणि माझ्या आत्याचे ३८,५०० रुपये घेऊन गेला.

आत्या शामरावनगरात एकटीच राहते. भाग सखल, जमीन काळी, पावसाळ्यात गल्लीत पाणी साचणार हे ठरलेलं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेनं ५७ फूट ओलांडले, तेव्हा तिच्या घरात कमरेएवढं पाणी होतं. पूर ओसरला, रंगही दिला, पण तेव्हापासून खालच्या भिंतींना लोणा धरतो. पांढरी पूड सुटते, पोपडे निघतात. त्याची तिला सवय झालीये. यंदा उन्हाळ्याच्या तोंडाला मात्र बेडरूमच्या भिंतीवर वेगळाच डाग आला. हा डोक्याच्या उंचीपासून सुरू होऊन खाली उतरत होता आणि हात लावला तर गार लागायचा. भिंतीच्या पलीकडं बाथरूम.

पेपरातून एक रंगीत पत्रक आलं होतं: ‘फोडाफोड न करता गळती शोधा. मशीनद्वारे अचूक निदान. दहा वर्षांची गॅरंटी.’ आत्यानं फोन केला. माणूस वेळेवर आला, चपला बाहेर काढल्या, “मावशी, पाणी द्या जरा” म्हणून बसला. बोलणं इतकं नीट की शेजारच्या काकूंनीही त्याचा नंबर घेऊन ठेवला.

त्यानं बॅगेतून दोन टोचण्या असलेलं छोटं मशीन काढलं. डागावर टेकवलं, मशीन वाजलं. हॉलच्या भिंतीवर टेकवलं, तिथंही वाजलं. देवघराच्या खालीही वाजलं. मग म्हणाला, “मावशी, पुराचं पाणी आत अडकून बसलंय. घर आतून सडत चाललंय.”

इथं जरा थांबतो, कारण सगळी फसवणूक या मशीनवर उभी आहे. ते मशीन पाणी मोजत नाही. दोन टोचण्यांमधून वीज किती सहज जाते, एवढंच ते बघतं. ओल असेल तर वीज सहज जाते, हे खरं. पण भिंतीत क्षार असतील तरी जाते, आणि प्लास्टरमागं जाळी किंवा लोखंड असेल तरी जाते. पुरात भिजलेल्या घराच्या भिंतीत क्षार भरलेलेच असतात. लोणा म्हणजे दुसरं काय? शामरावनगरात, गावभागात, सांगलीवाडीत पूर पाहिलेल्या कितीतरी घरांत ते मशीन हवं तिथं वाजेल. आणि सांगलीचे चाळीस डिग्रीचे उन्हाळे एकामागून एक सोसून २०१९ चं पाणी अजून भिंतीत कसं राहील, हे त्याला विचारायला मी तिथं नव्हतो. शिवाय जमिनीतली ओल खालून वर चढते, साधारण तीन-चार फूट. हा डाग वरून खाली येत होता.

दुसरं यंत्र थर्मल कॅमेऱ्याचं. मोबाइलवर भिंत निळी-लाल दिसते आणि निळं म्हणजे पाणी, असं तो सांगतो. कॅमेरा दाखवतो ते पृष्ठभागाचं तापमान. ओली जागा गार असते, पण सावलीतली भिंतही गारच असते. जाणत्या माणसाच्या हातात हे कॅमेरे उपयोगाचे असतात. गरम पाण्याची लाइन गळत असेल तर फारच. पण नुसता निळा फोटो म्हणजे निदान नव्हे.

मग दर सांगितला: भिंतीत भोकं पाडून नळीतून केमिकल भरायचं, एका भोकाला ३५० रुपये. “किती लागतील?” “तीस-पस्तीस, मावशी.” काम संपलं तेव्हा भोकं ११० झाली होती, कारण ज्या ज्या कोरड्या भिंतीवर मशीन वाजलं तिथंही ड्रिल फिरलं होतं. भोकावर दर लावला की भोकं वाढतात, त्यात नवल काही नाही.

निघताना तो जे बोलला ते लक्षात ठेवा. “केमिकल सेट व्हायला आठ दिवस लागतात. तोवर हे बाथरूम अजिबात वापरू नका. वरून कॉक बंद करून ठेवलाय, चुकून कुणी नळ सोडायला नको.” आत्याला वाटलं, किती काळजी घेतो! ती मागच्या बाथरूममध्ये अंघोळ करू लागली. बेडरूममध्ये पंखा दिवसभर चालू ठेवायलाही त्यानंच सांगितलं होतं. एप्रिलच्या सांगलीत कॉक बंद आणि पंखा चालू म्हटल्यावर भिंत वाळायचीच. तो ठरल्या दिवशी आला, कोरड्या भिंतीवर आत्याचा हात ठेवून फोटो काढला, राहिलेले पैसे रोख घेतले, गच्चीवर जाऊन कॉक उघडला आणि गेला. पुढच्या आठवड्यात डाग होता तिथंच परत आला. फोन केला तर आधी “मुरलेलं पाणी बाहेर पडतंय, मावशी”, नंतर “बाहेरगावी आहे”, नंतर स्विच ऑफ.

गॅरंटी कार्डावर बारीक अक्षरात लिहिलंय की गॅरंटी ‘फक्त ग्राउटिंग केलेल्या छिद्रांपुरती’, म्हणजे केमिकल भरलेल्या भोकांपुरती. पत्ता नाही, जीएसटी नंबर नाही.

आता ग्राउटिंग हाच बनाव आहे असं कुणी समजू नये. स्लॅबला किंवा पाण्याच्या टाकीला भेग असेल तर पीयू (पॉलियुरेथेन) ग्राउटिंग करतात, ते योग्यच असतं. पण भिंतीतला पाइप दाबानं पाणी सोडत असताना शेजारच्या प्लास्टरमध्ये काहीही भरलं तरी पाइप गळायचा थांबत नाही. आणि पाण्याला लागून फुगणारा पीयू फोम काही मिनिटांत घट्ट होतो, त्याला आठ दिवस लागत नाहीत. आठ दिवस लागतात ते भिंत वाळायला.

शेवटी गावभागातले एक जुने मिस्त्री आले. त्यांनी भिंतीकडं बघायच्या आधी विचारलं, “काकू, ओल यायच्या आधी घरात काय काम काढलं होतं?” संक्रांतीनंतर गीझर बदलला होता. “मग बघूया की तिथंच,” म्हणाले, पण लगेच हातोडा घेतला नाही. आधी टाकीत काठी घालून पाण्याची पातळी खुणावली. एका रात्री बाथरूमचा कॉक बंद ठेवला, पातळी हलली नाही. दुसऱ्या रात्री फक्त तो उघडा ठेवला, सकाळी पाणी दोन बोटं उतरलं होतं. हजार लिटरच्या गोल टाकीत एक सेंटिमीटर म्हणजे साधारण आठ-दहा लिटर पाणी. रात्रभर कुणी नळ सोडला नसताना ते जाणार कुठं?

पाण्याच्या मीटरवरून गळती ओळखायची पद्धत व्हिडिओंत सांगतात, ती आपल्याकडं अर्धीच चालते. आपलं पाणी ठरावीक वेळेला येतं, खालच्या टाकीत पडतं, तिथून मोटरनं वर चढतं. टाकीच्या पुढची गळती मीटरच्या काट्यावर दिसत नाही, त्यामुळं पातळी टाकीचीच बघायची. कमोडच्या फ्लश टाकीत चमचाभर खायचा रंग टाकून अर्ध्या तासानं भांड्यात रंग उतरलाय का, हेही एकदा पाहून घ्यावं. बरंच पाणी तिथूनच जातं. आणि ओल सतत न राहता अंघोळीनंतरच वाढत असेल तर सांडपाण्याचा पाइप किंवा फरशीचे सांधे बघा, फक्त पावसाळ्यात येत असेल तर गच्ची आणि बाहेरची भिंत.

मग मिस्त्रींनी नळ, शॉवर, गीझर सगळं सोडवून तोंडांना प्लग मारले आणि हातपंपानं लाइनमध्ये चौरस सेंटिमीटरला ५ किलोपर्यंत दाब भरला. घरातल्या टाकीचा दाब जेमतेम अर्धा किलो असतो, म्हणून केसाएवढी चीर महिनोन्महिने हळूच झिरपत राहते. दहापट दाबाला ती लपत नाही. गेजचा काटा उतरायला लागला आणि गीझरच्या पॉइंटमागून पाणी पाझरलं. एकच टाइल काढली. आत सीपीव्हीसीचा (गरम पाण्याच्या प्लास्टिक पाइपचा) ब्रासच्या आट्यांचा एल्बो, म्हणजे वळणाचा जोड, तडकला होता; गीझर बसवताना कुणीतरी पान्यानं नको तेवढा आवळला होता. एल्बो बदलला, पुन्हा दाब भरला, काटा तासभर हलला नाही. टाइलसकट १,४०० रुपये झाले. तीच भिंत उकरताना शेजारच्या ‘केमिकल’ भोकांत काय आहे तेही दिसलं: इंचभर पांढरं सिमेंट, पुढं पोकळ.

तुमच्याकडं कुणी मशीन घेऊन आला तर त्याला विचारा की प्रेशर टेस्ट करणार का आणि गेजचा काटा मला दाखवणार का. पैसे टेस्टनंतर द्या, भिंत वाळल्यावर नव्हे. तो बाथरूम बंद ठेवायला सांगत असेल तर ते पुन्हा रोजच्यासारखं वापरात येऊन पंधरा दिवस होईपर्यंत शेवटचा हप्ता देऊ नका. आजूबाजूला एकटे राहणारे म्हातारे कुणी असतील तर त्यांच्या कानावर हे मुद्दाम घाला. असली पत्रकं त्यांच्याच घरी जास्त वाचली जातात.

आत्यानं राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ नंबरवर तक्रार नोंदवली आहे. जिल्हा ग्राहक आयोगात जायचीही तयारी चाललीये. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथं फी लागत नाही, वकील सक्तीचा नाही, दोन वर्षांच्या आत जावं लागतं, आणि समोरचा कुठलाही असला तरी २०१९ च्या कायद्यानं आपण राहतो त्या जिल्ह्यात दावा लावता येतो. आगाऊ दिलेले १०,००० फोनवरून गेले होते, त्यामुळं खात्यावरचं नाव हातात आहे. बाकीच्या रोख रकमेची पावती नाही. त्यासाठी पत्रक, गॅरंटी कार्ड, भोकांचे फोटो आणि मिस्त्रींनी लिहून दिलेली चिठ्ठी जोडणार आहोत. शेजारच्या काकूंच्या समोर नोटा मोजल्या होत्या, त्या साक्ष द्यायला तयार आहेत.