घरच्या जिमसाठी पुढचं काय बांधायचं? काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

लाकूड, पाइप आणि नट-बोल्ट वापरून घरी बांधलेली रॅक (वजनांचा बार टेकवायचा उभा सांगाडा), बेंच, प्लॅटफॉर्म, उड्यांची पेटी आणि वाळूच्या पिशव्या असा सगळा पसारा आता बरेच महिने वापरात आहे. नवीन असतानाच लिहायला बसलो असतो तर प्रत्येक वस्तूला पैकीच्या पैकी गुण दिले असते, कारण स्वतः बांधलेल्या वस्तूचं पहिले काही आठवडे कौतुकच संपत नाही. आता कडा घासल्यात, पॉलिश उडालंय आणि व्यायामाच्या वहीत कोणती वस्तू खरंच वापरली जाते ते उघड दिसतंय. पुढचं काय बांधायचं हे ठरवताना मला या वहीचा जेवढा उपयोग झाला तेवढा कुठल्याही नकाशाचा किंवा व्हिडिओचा झाला नाही.

वहीत मी दोन गोष्टी शोधल्या. ठरवूनही वारंवार गाळला गेलेला व्यायाम कोणता, आणि तो का गाळला गेला? साधन नव्हतं म्हणून, की साधन असूनही मांडामांड नकोशी वाटली म्हणून? पहिल्या कारणावर नवीन साधन हा उपाय आहे. दुसऱ्या कारणासाठी नवीन साधन बांधलं तर अडगळ वाढते, एवढंच.

आधी जे आहे त्याबद्दल.

सगळ्यात जास्त समाधान रॅकने दिलं. ९ बाय ९ सेंटिमीटरचे चार खांब, आडव्या पट्ट्या आणि १२ मिलिमीटरचे आरपार बोल्ट. लाकडी रॅक म्हटली की पहिला प्रश्न येतो, तुटणार नाही का? लाकूड तंतूंच्या दिशेने दाबायला अतिशय मजबूत असतं, त्यामुळे उभा खांब वजनाने चिरडण्याची भीती जवळपास नसतेच. कच्चा असतो तो जोड. म्हणून आडव्या पट्ट्या नुसत्या बोल्टवर लटकवलेल्या नाहीत. खांबाला खाच पाडून त्यात बसवल्यात. वजन लाकडावरून लाकडावर उतरतं, बोल्ट फक्त दोघांना घट्ट धरून ठेवतो. एवढ्या महिन्यांत एकही जोड करकरत नाही, याचं श्रेय मी या खाचांना देतो. फळीच्या टोकाकडून तंतूंच्या दिशेने मारलेल्या स्क्रूवर मात्र कधीच भार देऊ नये, तिथे त्याची पकड फार कमी असते.

देखभाल लागतेच. हवा दमट झाली की लाकूड फुगतं, कोरडी झाली की आकसतं आणि बोल्ट सैल पडतात. हवामान बदललं की पाना घेऊन सगळ्या बोल्टांवरून एक फेरी मारावी लागते. वॉशर मोठ्या व्यासाचेच घ्या. लहान वॉशर हळूहळू लाकडात रुततात आणि मग बोल्ट कितीही आवळला तरी घट्ट बसत नाही.

सेफ्टी पाइपच्या, म्हणजे बार पेलला नाही तर तो झेलणाऱ्या रॅकमधल्या आडव्या पाइपच्या, उंचीबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण एकट्याने बेंच प्रेस (बेंचवर उताणं झोपून बार वर ढकलणं) करणाऱ्याचा जीव त्यावर आहे. छाती वर काढून झोपल्यावर बार छातीला टेकला पाहिजे, आणि छाती सैल सोडली की तोच बार पाइपवर बसला पाहिजे. या दोन उंचींमध्ये जेमतेम तीन-चार सेंटिमीटरचा फरक असतो. बऱ्याच लोखंडी रॅकना बेंच प्रेसच्या उंचीच्या भागात दर अडीच सेंटिमीटरवर भोकं असतात. लाकडात इतकी जवळ भोकं पाडली तर खांबाची चाळण होईल. माझी भोकं सहा सेंटिमीटरवर आहेत आणि मधली उंची जुळवायला बेंचच्या पायांखाली १८ मिलिमीटर प्लायवूडचे तुकडे सरकवतो. पॉवरलिफ्टिंगच्या नियमांत बेंचची उंची ४२ ते ४५ सेंटिमीटर असते. मी मुद्दाम ४२ ठेवली, त्यामुळे एक तुकडा घातला तरी मर्यादेतच राहतो आणि दोन घातले तर किंचित वर जातो. पाय जमिनीला नीट टेकत असतील तर तेवढ्याने काही अडत नाही. तुकड्यांना वरून खोलगट खाच मात्र हवी, म्हणजे बेंचचा पाय घसरत नाही.

बेंचची रुंदी नियमात २९ ते ३२ सेंटिमीटर. घरी बांधणारे बरेच जण आरामशीर वाटावी म्हणून ती रुंद करतात, पण मग पाठीमागे खांद्याची पाती जवळ घेताना कडा मध्ये येते. माझी तिशीच्या जरा वर आहे, बरोबर वाटते. फोम कडकच घ्या. मऊ फोम बोटाने दाबून पाहताना छान वाटतो, पण वजन आलं की पार तळाला टेकतो आणि पाठीला थेट फळी लागते.

प्लॅटफॉर्मबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही, आणि हेच त्याचं कौतुक. ८ बाय ४ फुटांचे १८ मिलिमीटरचे दोन प्लाय खाली, दोन त्यावर आडवे, बाजूंना रबर. जमीन वाचली. आवाज कमी झाला, पण गेला नाही. रबराने धक्क्याची धार बोथट होते, इमारतीच्या सांगाड्यातून जाणारा धडका काही पूर्ण थांबत नाही. खाली कुणी राहत असेल तर वजन सोडायचंच नाही, हाच उपाय.

पेटी ५० बाय ६० बाय ७५ सेंटिमीटरची. उड्यांसाठी क्वचित आणि बसायला रोज वापरली जाते.

वाळूची पिशवी ही कमी कष्टात सर्वाधिक परतावा देणारी वस्तू निघाली. कोरडी वाळू लिटरला साधारण दीड-पावणेदोन किलो भरते, म्हणजे २५ लिटरची पिशवी ४० किलोच्या आसपास जाते. पिशवी गच्च भरू नका. थोडी रिकामी ठेवली तर वाळू आत सरकत राहते आणि उचलताना हात, पाठ, पोट सगळ्यांनाच कामाला लागावं लागतं. आतलं अस्तर दुहेरी हवं, नाहीतर धूळ झिरपत राहते. वाळू भरण्याआधी उन्हात कोरडी करून घ्यावी, ओल राहिली तर काही दिवसांत कुबट वास सुटतो.

काँक्रीटच्या प्लेटांबद्दल, म्हणजे बारवर चढवायच्या गोल वजनांबद्दल, मत जरा कडवट आहे. ओतायला मजा येते, पण काँक्रीटची घनता लोखंडाच्या साधारण एक तृतीयांश. त्याच व्यासाची, त्याच वजनाची प्लेट तिप्पट जाड होते. बारच्या एका टोकाला प्लेटांसाठी जेमतेम ४१ सेंटिमीटर जागा असते, ती बघता बघता भरते. शिवाय कडा झडतात. मी त्या आता बारवर चढवतच नाही. लटकवायच्या वजनाला त्या उत्तम आहेत, आणि पुढच्या निवडीत हे कामाला आलं.

बार घरी करायचा नाही, हे सुरुवातीपासून पक्कं होतं. साधं लोखंड साधारण २५० मेगापास्कलच्या ताणाला वाकून तसंच राहतं, चांगल्या बारचं पोलाद १३००च्या आसपास ताण सोसूनही तुटत नाही. जास्त वजन चढवलेली साधी सळई सेफ्टी पाइपवर एकदा जोरात आपटली की केळ्यासारखी होते. बार, बेअरिंग आणि वायर या विकतच घ्यायच्या वस्तू. लाकूड, पाइप आणि मेहनत आपली.

आता पुढचं काय?

यादीत डिप्सचा (दोन्ही हातांवर शरीर तोलून खाली-वर करायचा) स्टँड, बेल्ट स्क्वॉट (कमरेच्या पट्ट्याला वजन लटकवून उठाबशा काढायचं यंत्र), ओढायची स्लेज (वजन लादलेली घसरगाडी), फार्मर्स वॉकचे (दोन्ही हातांत वजन घेऊन चालायचे) हँडल, लँडमाइन (बारचं एक टोक खाली अडकवून दुसरं उचलायची सोय), पुली आणि प्लेटा ठेवायच्या खुंट्या होत्या. बेल्ट स्क्वॉटचं सगळ्यात जास्त आकर्षण होतं, कारण ते यंत्र दिसतंच रुबाबदार. पण वहीत स्क्वॉट कधी चुकलेला नाही. जे नियमाने होतंय त्यासाठी दुसरं यंत्र बांधणं म्हणजे हौस. हौसेला माझी हरकत नाही, पण तिला गरज म्हणू नये. पाठ किंवा खांदा बार सहन करत नसेल त्याच्यासाठी हेच यंत्र पहिल्या नंबरावर येईल, तो हिशोब वेगळा. स्लेजला मोकळी जागा हवी, आणि जमीन बदलली की घर्षण बदलतं, त्यामुळे किती वजन ओढलं याची नोंद फक्त एकाच जागेपुरती खरी. डिप्सच्या स्टँडचं काम रॅकवर लटकवलेल्या लाकडी रिंगांनी भागतं. हलत्या रिंगांवर ते अवघडच होतं, पण जागा शून्य लागते. लँडमाइनला तर बांधकाम म्हणायचीही लाज वाटते. दोन इंची पाइपचा आतला व्यास साधारण ५२ मिलिमीटर, बारचं टोक ५०चं. पाइपचा वीतभर तुकडा बिजागरीवर बसवला की झालं, एका दुपारचं काम. ते कधीही करता येईल म्हणून त्याला या स्पर्धेत धरलंच नाही.

उरल्या खुंट्या आणि पुली. वही सांगत होती की डेडलिफ्टनंतरचे (जमिनीवरून जड बार उचलल्यानंतरचे) हलके व्यायाम वारंवार गळतात. कारण सरळ होतं. प्लेटा भिंतीला टेकवून ठेवलेल्या, हवी ती नेहमी मागे, आणि दमल्यावर चार प्लेटा हलवून पाचवी काढायचा उत्साह कुणाला असतो? म्हणून आधी खुंट्या. दिसायला सगळ्यात कंटाळवाणी वस्तू, फोटो काढून दाखवण्यासारखं तिच्यात काही नाही. पण दीड इंची पाइपचा बाहेरचा व्यास ४८.३ मिलिमीटर असतो आणि प्लेटांचं भोक ५०चं, म्हणजे माप जणू ठरवून केल्यासारखं बसतं. रॅकच्या मागच्या खांबांवर खालच्या बाजूला, टोक किंचित वर ठेवून त्या बसवल्या. खुंटी खांबात नुसती अडकवून चालत नाही, ती आरपार काढून मागून फ्लँजने (पाइपच्या टोकाला बसणाऱ्या चपट्या चकतीने) धरली आहे.

याचा दुसरा फायदा व्यायामाइतकाच मोठा आहे. माझी रॅक जमिनीला ठोकलेली नाही. पुल-अप्स मारताना ती डुलायची, बार जोरात परत ठेवला की बोटभर मागे सरकायची. आता मागच्या बाजूला खाली शंभरेक किलो टांगलेले असतात, आणि ती हलत नाही. त्या बसवल्यापासून गळणाऱ्या व्यायामांतले निम्मे तरी आपोआप व्हायला लागले, एकही नवीन व्यायाम न शिकता.

जे अजून गळतंय ते मात्र साधनाअभावी. वरून खाली ओढायचे व्यायाम. पुल-अप्स आहेत, पण शेवटच्या सेटला जीव संपल्यावर हलक्या वजनावर उतरायची सोय नाही, रबरी पट्ट्यांचा ताण कुठे किती हे मोजता येत नाही. म्हणून पुढचं बांधकाम पुली, तीही वेगळा मनोरा न करता रॅकच्याच मागच्या भागात. सांगाडा आयता आहे आणि तळाशी आता वजनही आहे.

पुली बांधणाऱ्याने एक हिशोब आधी करावा. वायरच्या एका टोकाला ६० किलो लटकतंय, दुसऱ्या टोकाला आपण तेवढ्याच जोराने खाली ओढतोय, म्हणजे वरच्या चाकाच्या आधारावर १२० किलो येतात. आणि झटका दिला तर त्याहून जास्त. वजन सरकत्या चाकाला टांगून वायरचं दुसरं टोक वर बांधलं तर हाताला निम्मंच लागतं आणि हात दुप्पट अंतर जातो. हलक्या कामाला ते सोयीचं, पण प्लेटा दुप्पट लागतात. मी सरळ एकास एक ठेवणार आहे. वजनाच्या दांड्याला त्याच काँक्रीटच्या प्लेटा, जाडी तिथे आडवी येत नाही.

चाक लहान घेऊ नये. ५ मिलिमीटरच्या वायरला निदान ९०-१०० मिलिमीटरचं चाक हवं. छोट्या चाकावर वायर प्रत्येक वेळी तीव्र वळण घेते आणि आतल्या तारा एकेक करून तुटत जातात, बाहेरून प्लास्टिकचं आवरण असल्यामुळे दिसतही नाही. बेअरिंगचंच चाक घ्यावं. घर्षण ओढताना आपल्या विरुद्ध असतं आणि सोडताना आपल्या बाजूने, म्हणजे वर नेताना वजन जड आणि सावकाश खाली सोडताना हलकं लागतं. व्यायामाला हवं असतं नेमकं उलटं. वायरचा फास करताना क्लिपचा यू आकाराचा भाग कापलेल्या, मोकळ्या टोकावर आणि खोबणीचा भाग भार घेणाऱ्या वायरवर येऊ द्यावा. उलटं लावलं तर यू भार घेणारी वायरच चेपतो.

खालची पुली, म्हणजे बसून ओढायचा रोइंग, सध्या बाजूला ठेवली आहे. वाकून बारने रोइंग होतंय आणि पाठीची तक्रार नाही. पण वरचं चाक बसवण्याआधी मागच्या दोन खांबांना जोडणारी वरची आडवी पट्टी बदलावी लागेल. सध्याची फक्त खांब जागेवर धरायला घातलेली, एकेरी आणि आडवी पाडलेली आहे. तिच्या जागी दोन पट्ट्या उभ्या कडेवर, मध्ये चाक मावेल एवढी फट ठेवून, खांबांना खाचा पाडून बसवणार आहे. पट्टीची उंची दुप्पट केली की वाकण्याला होणारा विरोध आठपट होतो, त्यामुळे लाकूड तेच असलं तरी कडेवर उभं करण्याने खूप फरक पडतो. चाकाचा आस दोन्ही पट्ट्यांतून आरपार जाईल, आणि तिथे पुन्हा मोठे वॉशर.